शेवटपर्यंत चघळायची गोळी

१२ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

पत्र बघून दचकू नका, घरातले सगळे जिवंत आहेत. फोन करत नाही, कारण माझा आवाज गेलाय. गळ्याचं ऑपरेशन झालं, थायरॉइडची ग्रंथी गाठीसकट काढली, आणि आता तोंड उघडलं की तेल न घातलेल्या बिजागरीसारखा आवाज येतो. काही आठवडे कमीत कमी बोला, असं डॉक्टरांनी बजावलंय. ते ऐकताना तुमचे बंधुराज फारच गंभीर चेहरा करून बसले होते. इतका गंभीर माणूस आतून हसत असतो, हे मला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

गाठ कर्करोगाची निघाली. लिहिला बाई एकदाचा तो शब्द. त्यातल्या त्यात सभ्य प्रकार आहे म्हणे. आता आत उरल्यासुरल्या पेशी मारायला किरणोत्सर्गी आयोडीनची कॅप्सूल घ्यायची आहे. या पेशी आयोडीन दिसलं की अधाशासारख्या ओढून घेतात, म्हणून त्यातूनच त्यांचा काटा काढायचा. इथवर मला पटलं. पण तोंडातल्या लाळग्रंथीही तितक्याच अधाशी असतात, असं निघालं. त्याही आयोडीन ओढतात, मग सुजतात, सुकतात, आणि चव जाऊ शकते.

आता सांगा, माझ्याकडे जीभ सोडली तर आहे काय? शिक्षण बेताचं, रूप बेताचं, आवाज तर गेलाच. गोळ्यांच्या कारखान्यात इतकी वर्षं चाखायचं काम केलं म्हणून लोक 'जीभबाई' म्हणून ओळखतात. उद्या जीभ गेली तर नुसती बाई उरेन, आणि तशा बायका कारखान्यात पुष्कळ आहेत.

ग्रंथी वाचवायला डॉक्टरांनी उपाय सांगितले: भरपूर पाणी प्यायचं, कानाखाली आणि जबड्याखाली बोटांनी चोळायचं, आणि कॅप्सूलच्या दुसऱ्या दिवसापासून आंबट गोळ्या चघळायच्या. मला हसूच आलं. आंबट गोळ्या, आणि मला शिकवतायत! तेव्हा अजिबात काळजी करू नका. जगात एकाच विषयातलं मला कळतं, आणि नेमका तोच पेपर आलाय.

तुमची,
वहिनी

१९ फेब्रुवारी

वहिनी,

ऑपरेशन होऊन गेल्यावर कळवता, याला काय म्हणावं? दादाला फोन केला तर म्हणतो, "सगळं ठीक आहे." या एका वाक्यावर त्याचं अर्धं आयुष्य निघालंय. घर जळत असलं तरी तो हेच सांगेल, आणि वर ज्वाळांची उंची मोजून सांगेल. जमीन मोजणाऱ्या माणसाकडून दुसरी अपेक्षा तरी काय करायची!

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला मुळीच आवडलं नाही. मी लोकांना गाडी शिकवते. "मॅडम, मला येतं," असं म्हणत जो बसतो, तोच पहिल्या वळणावर खांबाला भिडतो. ज्याचे हात थरथरतात तो नीट घरी जातो. तेव्हा आत जाल ती पेशंट म्हणून जा, जीभबाई म्हणून नको. सांगतील तसं करा, मध्ये अक्कल चालवू नका.

तुमच्या जिभेनं आजवर माझ्या एकाही पदार्थाला सोडलेलं नाही. माझ्या सुपाला तुम्ही चारचौघांत "गरम आहे" एवढंच म्हणाला होतात. तरीसुद्धा ती जीभ राहावी असं मला मनापासून वाटतं. का वाटतं ते विचारू नका.

तुमची,
वन्सं

८ मार्च

प्रिय वन्सं,

आले बाहेर. खोली चांगली होती, फक्त दार तिजोरीचं असावं तसं जाड आणि आत ठेवण्यासारखं काही नाही, नुसती मी. नळाला प्लॅस्टिक, फोनला प्लॅस्टिक, दिव्याच्या बटणालाही प्लॅस्टिक. एका माणसानं धातूच्या जड डब्यातून कॅप्सूल आणली. मी ती गिळली आणि तो असा सटकला, जणू माझी वरात त्याच्याच घरी जाणार होती.

दुसऱ्या दिवशी नर्सनं दारातल्या फटीतून आंबट गोळ्यांची पिशवी सरकवली. आमच्या नाहीत, समोरच्या कंपनीच्या! मी म्हटलं, आता बघतेच यांना. पहिली तोंडात टाकली. लिंबाचा वास वरवरचा, आंबटपणा उशिरा येतो, पाक जरा जास्त आटवलेला. गोळी टाकून दिली, चूळ भरली, जिभेला विश्रांती दिली. मग दुसरी. तुम्हाला माहीत नसेल, पण आम्ही चाखणारे गोळी कधी संपवत नाही. जिभेवर फिरवायची आणि टाकायची. जीभ दमली की खोटं बोलायला लागते. आणि इथे तर तिला वाचवायचीच होती, मग राबवायची कशाला? मधूनच नर्स विचारायची, "मावशी, गोळ्या घेताय ना?" मी मान डोलवायची. घेत होतेच की, शिस्तीत.

सबंध पिशवीचा अभिप्राय लिहून काढला. निघताना कळलं की खोलीतला कागद बाहेर न्यायचा नाही. त्यामुळे माझ्या हयातीतला सर्वांत निर्भीड अभिप्राय किरणोत्सर्गी कचऱ्यात गेला. समोरची कंपनी वाचली.

घरी तुमच्या बंधुराजांनी जमिनीवर खडूनं रेघ मारून ठेवली होती. डॉक्टरांनी अंतर ठेवा म्हटलं होतं, यांनी टेप लावून ठेवलं. रेघेपलीकडून ताट सरकवतात आणि मागे होतात. माझे गाल जरा सुजलेत. आरशात बघितलं तर दोन्ही बाजूंना एकेक उकडलेला बटाटा कोंबल्यासारखं दिसतं. हे रेघेपलीकडून म्हणाले, "तब्येत सुधारली हं तुझी." जेवताना कानाखाली कळ येते, पण जाईल. पाण्याशिवाय घास उतरत नाही एवढंच.

तुमची,
वहिनी

१५ मार्च

वहिनी,

तुमचं पत्र वाचलं, हसले, आणि मग परत वाचलं तेव्हा हसू थांबलं. डॉक्टरांनी "चघळा" म्हटलं होतं की "चाखा"? गोळी टाकून द्यायची, हे त्यांनी सांगितलं होतं का तुमच्या शिस्तीनं? आणि गालात बटाटे आहेत हे त्यांना कळवलंत का? क्लच आणि ब्रेक शेजारी असले म्हणून एक नसतात.

हे विचारायला फोन केला तर दादा म्हणाला, "सगळं ठीक आहे." म्हणून लिहितेय.

सोबत संत्र्याच्या जॅमची बाटली पाठवते. पहिल्यांदाच केलाय. झोडायचा तेवढा झोडा, मी मन घट्ट केलंय.

तुमची,
वन्सं

२ एप्रिल

प्रिय वन्सं,

जॅम मिळाला. काय सांगू, अप्रतिम झालाय! झाकण काढल्याबरोबर संत्र्याचा घमघमाट सुटला. गोडीही अगदी बेताची, तोंडात रेंगाळणारी. तुमच्या हाताला चव आहे हो. रोज सकाळी ब्रेडला लावून खाते. ह्यांना दिला नाही, उगाच संपवतील.

माझं छान चाललंय. आवाज परत आला, गाल उतरले, कामावरही रुजू झाले. डॉक्टरांना मुद्दाम कशाला त्रास द्यायचा? पुढच्या तारखेला भेटतीलच. घाईत आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

तुमची,
वहिनी

६ एप्रिल

वहिनी,

तो जॅम कडूजहर होता.

दोनदा केला होता मी. पहिल्या वेळी संत्र्याच्या पांढऱ्या सालीसकट आणि बियांसकट शिजवला. तो एवढा कडू झाला की जिभेवर ठेवला आणि मी सिंककडे धावले. मग परत नीट केला. बाटल्या सारख्याच, आणि मला घाई. काल घरातली बाटली उघडली तर चांगला जॅम माझ्याकडेच. म्हणजे टाकून द्यायचा तो तुमच्याकडे आला. माफ करा असं लिहायला बसणार, एवढ्यात तुमचं पत्र आलं.

अप्रतिम! इतक्या वर्षांत तुम्ही माझ्या कशालाही अप्रतिम म्हणाला नाहीत. मला जन्मभर तो शब्द तुमच्या तोंडून ऐकायचा होता, आणि ऐकला तेव्हा दारातल्या पायरीवर बसून रडले. शिकाऊ मुलगी गाडीत बसून हॉर्न वाजवतेय आणि मॅडम रडतायत.

जीभ गेलीय ना तुमची? मग कारखान्यात कसल्या जिवावर काम करताय? डोळे बांधून गाडी चालवताय तुम्ही, वहिनी. थांबा आधी.

तुमची,
वन्सं

१४ एप्रिल

प्रिय वन्सं,

पकडलंत.

सगळ्याला लोखंडाची चव येते. पाण्यालासुद्धा. ब्रेड तोंडात कापसासारखा फिरत राहतो. तुमचा जॅम मी वासावर आणि तुमच्या अक्षरावर खाल्ला. अप्रतिम म्हणताना मला वाटलं, जीभ नाही तर नाही, निदान चांगुलपणा तरी दाखवू. आयुष्यात एकदा चांगली वागायला गेले आणि त्यातच सापडले.

कारखान्यात काय करत होते ते ऐकून मला फोन करू नका, पत्रातूनच ओरडा. गोळी दाताखाली फुटताना कसा आवाज होतो त्यावरून पाक ओळखायचा. आंबटपणासाठी शेजारच्या टेबलावरच्या चाखणाऱ्या बाईंच्या भुवया बघायच्या. त्यांच्या भुवया वर गेल्या की मी गंभीरपणे म्हणायची, "आम्ल अंमळ जास्त." असे दिवस काढले. मग त्यांना सर्दी झाली. त्यांनी गोळी तोंडात घातली आणि माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं. दोघी एकमेकींच्या भुवया बघत बसलो. त्या घाण्यात आंबट टाकायचंच राहिलं होतं. आम्ही "उत्तम" म्हणून सोडला. पॅकिंगमधल्या एका पोरीनं जाता जाता एक तोंडात टाकली म्हणून वेळीच कळलं.

त्याच संध्याकाळी तुमचं पत्र आलं. सकाळी साहेबांपुढे उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसती गोळ्यांच्या कागदांची चवड माझ्यापुढे सरकवली, ते जास्त लागलं. आता मी गोळ्यांचे कागद तपासते. रंग बरोबर आला का, घडी नीट पडते का. जीभबाई कागदावर आली.

डॉक्टरांकडेही गेले. खोलीत गोळ्या कशा घेतल्या ते सविस्तर सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, आंबट चघळायचं ते लाळ वाहती राहावी म्हणून. आयोडीन ग्रंथीत बसून राहिलं की ती जाळतं, लाळेबरोबर ते बाहेर पडायला हवं. तुम्ही नळ उघडलात आणि लगेच बंद केलात. इतकी साधी गोष्ट! ते चांगले आहेत, पुढे असंही म्हणाले की सगळं नीट करणाऱ्यांनाही कधीकधी हा त्रास होतो, तेव्हा सगळा दोष स्वतःला देऊ नका. मी म्हटलं, थोडा तरी राहू द्या, तेवढीच माझी कमाई. चव बहुधा हळूहळू येईल, काही महिने लागतील. पाणी आणि चोळणं चालू आहे.

रात्री ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मला माहीत होतं. तू हल्ली मीठ मागत नाहीस." मग इतके दिवस बोलला का नाहीत, म्हटलं. तर म्हणे, "तू सांगशील तेव्हा ऐकायचं ठरवलं होतं." या माणसाचं करावं तरी काय?

तुमची,
वहिनी

३ ऑक्टोबर

प्रिय वन्सं,

तुमच्या सगळ्या पत्रांना मी एक-दोन ओळींची उत्तरं दिली, राग मानू नका. चव कुठवर आली हे रोज स्वतःला विचारताना दुसऱ्याला सांगायचा धीर होत नव्हता.

आता सांगते. गोड आलं. आंबट आलं. खारट अर्धंमुर्धं येतं, येऊन-जाऊन असल्यासारखं. तोंड अजून कोरडं असतं, पण साहेब म्हणाले, जानेवारीत परत चाचणी घेऊ, पास झालात तर जुनं टेबल तुमचंच. त्या दिवशी मी कागदाची घडी तपासायचं सोडून स्वतःशीच हसत बसले. दोन हजार कागद उलटे छापले गेले.

आणि आता स्कॅन आलाय. मानेत अजून थोडं काही उरलंय. दुसऱ्यांदा कॅप्सूल घ्या, म्हणतात. ग्रंथी आधीच दुखावलेल्या आहेत, दुसऱ्या वेळी धोका जास्त, हेही त्यांनी लपवलं नाही.

मी नाही म्हणून आले. हसू नका. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गोळ्यांना नावं ठेवली आणि स्वतःची एक गिळायची वेळ आली तर हातपाय गाळले. मला मरायची तेवढी भीती वाटत नाही, वन्सं, कारण ते कसं असतं माहीत नाही. तोंडात लोखंड घेऊन जगणं माहीत आहे. ते परत नको.

तुमची,
वहिनी

७ ऑक्टोबर

वहिनी,

पत्र वाचलं आणि दादाला फोन लावला. म्हणाला, "सगळं ठीक आहे." तुम्ही नाही म्हणून आलात हे त्याला माहीतच नाही! मी सांगितलं. रागवायचं तर रागवा.  मग त्यानं विचारलं, "तिला जीभ माझ्यापेक्षा जास्त आवडते का गं?" याचं उत्तर मी देणार नाही. तुम्हीच द्या.

मला तुमचा राग आलाय. जीभ गेली तर तुम्ही नुसत्या बाई उराल, असं तुम्ही लिहिलं होतंत. मग आम्ही इतकी वर्षं कुणाशी नातं ठेवलं, जिभेशी? त्या जिभेनं तर माझा अपमानच केलाय. आई गेल्यावर महिनाभर माझ्याकडे राहून माझ्या शिकाऊ लोकांचे फोन कोण घेत होतं? तिथे चाखायचं काहीच नव्हतं. मला तुम्ही हव्या आहात, वहिनी. कोरड्या असलात तरी चालेल.

डॉक्टरांना हो म्हणून सांगा. मी रजा घेऊन येतेय. या वेळी गोळी तुमच्या शिस्तीनं खायची नाही, माझ्या शिस्तीनं खायची.

तुमची,
वन्सं

२५ ऑक्टोबर, दवाखान्याच्या गाडीतळावरून

वहिनी,

नर्सला विचारलं, पत्र आत जाऊ शकतं, बाहेर येऊ शकत नाही. म्हणजे तुमचं उत्तर न ऐकता मला बोलायला मिळतंय. असा योग परत यायचा नाही.

खिडकीतून खाली बघा. पिवळ्या पाटीची, पुढच्या बंपरला कापड बांधलेली गाडी दिसते ना? ती माझी. सकाळी तुम्हाला आठवण करून द्यायला हॉर्न वाजवला, तर वॉचमन धावत आला. म्हटलं, आत माझ्या वहिनीला गोळी खायची आहे. तो म्हणाला, सगळ्यांनाच खायची असते बाई, हा दवाखाना आहे. म्हणून आता दिवे लावते. दिवे लागले की गोळी तोंडात. जिभेवर ठेवा, गालात ठेवा, कुठेही ठेवा, पण टाकायची नाही. संपेपर्यंत चघळायची. मग पाणी. मग कानाखाली चोळायचं. चोळताना खिडकीत उभ्या राहा, मी बघतेय.

दादा शेजारच्या सीटवर बसलाय. गाडीपासून तुमच्या खिडकीपर्यंत किती अंतर आहे ते मोजून आला. मला सांगितलंही, पण मी ऐकलं नाही.

दिवे लावते. घ्या.

तुमची,
वन्सं

१७ मे

प्रिय वन्सं,

हे पत्र दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. अक्षर हललंय, समजून घ्या.

तुम्ही गेल्यापासून कसं गेलं ते तुम्हाला ठाऊकच आहे. सूज या वेळी थोडी आली, लगेच गेली. तोंड मात्र वाळवंट झालं. चाचणी जानेवारीची मार्चवर गेली, मार्चची पुढे. साहेब समजूतदार आहेत, मी नाही. खोलीत मी आमची लिंबाची गोळी आयुष्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत खाल्ली, हे तुम्हाला अजून सांगितलं नाही, कारण लाज वाटत होती. ती शेवटी पातळ होते आणि ब्लेडसारखी जीभ कापते! इतकी वर्षं मी "उत्तम" म्हणून सोडत होते आणि लोक घरोघरी जीभ धरून मला शिव्या घालत असतील. बाहेर आल्यावर आधी हेच साहेबांना कळवलं. साचा बदलतायत.

तर आज रिपोर्ट घ्यायला आलो. नंबर यायचा होता. हे भिंतीवरच्या फरशा मोजत होते. समोरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी पिशवीतून लिंबू काढलं, छोट्या सुरीनं चिरलं आणि पाण्याच्या बाटलीत पिळायला लागले. मी आपली बघत होते, दुसरं काम नव्हतं. आणि वन्सं, माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

खरंच सुटलं. आधी कळेचना काय होतंय. दोन्ही गालांत आतून काहीतरी बारीक टोचल्यासारखं झालं आणि तोंड भरून गेलं, एवढं की ओठांच्या कडेनं ओघळायला लागलं. मी ह्यांचा दंड धरला. हे घाबरले, "काय होतंय? डॉक्टरांना बोलावू?" मला बोलताच येईना, तोंड भरलेलं! गिळलं असतं तर बोलता आलं असतं, पण गिळवत नव्हतं. हनुवटीवरून लाळ गळतेय, डोळ्यांतून पाणी गळतंय, आणि मी मुक्यानं लिंबाकडे बोट दाखवतेय. त्या बिचाऱ्या गृहस्थांना वाटलं मला हवंय. त्यांनी अर्धं लिंबू पुढे केलं. ह्यांना तोवर कळलं होतं. त्यांनी खिशातला रुमाल काढला, माझी हनुवटी पुसली, आणि मग त्याच रुमालानं स्वतःचे डोळे. सगळा बाक आमच्याकडे बघत होता.

म्हणून आधी तुम्हाला लिहायला बसले. चव पूर्ण येईल का, चाचणीत काय होईल, मला माहीत नाही. आज विचारूही नका.

हो, रिपोर्ट राहिलाच. मध्ये आमचा नंबर लागला होता, आत जाऊन आलो. स्वच्छ आहे म्हणाले, काही उरलेलं नाही. डॉक्टर सांगत होते तेव्हा मी तोंड मिटूनच बसले होते. त्यांना वाटलं, बाईंना आनंद झाला नाही.

तुमची,
वहिनी